यंत्रमागाच्या साडीला ‘जामदानी’ म्हणू द्यावं का?

अनुराधा:
माझं मत ठाम आहे: नाही. जामदानी म्हणजे हातमागावर विणलेलं नक्षीदार तलम सुती कापड. त्यात नक्षीचा जादा धागा विणकर हातानं, फुलाच्या जागेपुरताच घालतो. मागावर दोघं शेजारी बसतात, सुताला भाताच्या लाह्यांची खळ दिलेली असते. काम बारीक असेल तर दिवसभरात कापड जेमतेम काही बोटं पुढं सरकतं. ढाक्याजवळ शीतलक्ष्या नदीकाठी चालणाऱ्या या विणकामाला युनेस्कोनं २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

यंत्रमागाच्या नकलेत बहुतेक वेळा नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो आणि मागचे लोंबते धागे नंतर कापतात. साडी उलटी करा, फुलांच्या कडेला कातरलेली टोकं बोटाला लागतील. ही साडी नुसती ‘जामदानी’ म्हणून खपली की मार विणकराच्या मजुरीला बसतो.

रानफूल:
अजिबात पटलं नाही. जिला अस्सल साडी परवडतच नाही, तिनं ती नक्षी नेसायचीच नाही का? नक्षी हासुद्धा वारसाच आहे. मोगल दरबारात मिरवलेलं फूल आज लोकलमधल्या बाईच्या पदरावर दिसतं, याचा मला मनापासून आनंद होतो. आणि यंत्रमागावर उभे असतात तेही कामगारच. त्यांच्या पोटाचं काय?

हेमंत:
नेसू नका असं कुणी म्हटलेलं नाही. नाव लावू नका, एवढंच.

सुमित:
नियमांनी काय साधलं? भारतात १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे. आधी कापडाचे २२ प्रकार फक्त हातमागासाठी राखीव होते, ते ११ वर आले. धोतर, लुंगी, ठरावीक प्रकारच्या साड्या त्यात आहेत. तरी यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावावर राजरोस विकला जातो. २००६ पासून अस्सल हातमागाच्या मालाची खूण म्हणून ‘हॅण्डलूम मार्क’ आहे, दुकानात तो कोण मागतं? त्यापेक्षा विणकराला लडीचं सूत, म्हणजे हातमागाला लागणारं लडीतलं सूत, वेळेवर आणि रास्त भावात मिळेल एवढं बघा.

अनुराधा:
सूत हवंच. पण त्या सुताची साडी दुकानात आली आणि शेजारच्याच कप्प्यात त्याच नावाची स्वस्त नक्कल असली, तर विणकर टिकणार कसा? मला बंदी नको. लेबलवर ‘यंत्रमागावर विणलेली’ हे दोन शब्द सक्तीचे करा.

रानफूल:
लिहा की, माझी हरकत नाही. मग हातमागाच्या लेबलवर हेही छापा, की या किमतीतले विणकराच्या हातात किती पडले. यंत्रमागाला सगळे बोल लावतात, मधल्या व्यापाऱ्याला कुणीच काही विचारत नाही.