मदत हवी आहे: तीन कॉम्प्युटर, एकच कीबोर्ड-माउस

नमस्कार मंडळी,

टेबलावर विंडोज, लिनक्स आणि मॅक असे तीन कॉम्प्युटर आहेत. तिन्हींना एकच कीबोर्ड-माउस हवाय. केव्हीएम स्विच (बटण दाबून कीबोर्ड-माउस एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणारी पेटी) नको. कर्सर स्क्रीनच्या कडेवरून सरळ शेजारच्या स्क्रीनवर जायला हवा.

यासाठीच्या प्रोग्राम्सपैकी माउस विदाउट बॉर्डर्स ४ कॉम्प्युटरपर्यंत चालतं, पण फक्त विंडोजवर. युनिव्हर्सल कंट्रोल ॲपलपुरतं. उरले सिनर्जी, डेस्कफ्लो, इनपुट लीप.

खरी अडचण मराठी टायपिंगची. एक प्रोग्राम वापरून पाहिला, तर सर्व्हरवर (ज्या मशीनला कीबोर्ड जोडलाय त्यावर) इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लेआउट निवडल्यावर दुसऱ्या मशीनवर काना-मात्राच उमटेनात, जोडाक्षरं तुटली. सर्व्हरवर इंग्रजी ठेवून इन्स्क्रिप्ट फक्त क्लायंटवर, म्हणजे त्या दुसऱ्या मशीनवर, लावलं तर बरं चालतं, पण दर वेळी लेआउट बदलताना लिहिण्याची लय मोडते. मी दिवसभर मराठीच लिहिते, म्हणून माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.

लिनक्सवर वेलँड ही स्क्रीन आणि कीबोर्ड-माउस सांभाळणारी नवी प्रणाली आहे. अगदीच नाइलाज असेल तर जुन्या एक्स११ वर जाईन. फायरवॉलमध्ये या प्रोग्राम्सना लागणारा २४८०० पोर्ट उघडलाय. एन्क्रिप्शन बंद करायला मात्र सांगू नका, पासवर्डही याच कीबोर्डवरून जातात.

इन्स्क्रिप्टसह हे रोज कोणी वापरतं का? कोणता प्रोग्राम, आणि लेआउट कुठल्या मशीनवर ठेवता?