रोहन बोपण्णाची थोरवी केवळ दुहेरीची म्हणून दुय्यम ठरते काय?

धागालेखक
टेनिसपटू रोहन बोपण्णाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. तेव्हापासून ‘शेवटी तो दुहेरीचाच खेळाडू’ हे वाक्य सतत कानांवर पडते आणि ते मला अन्यायाचे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनच्या साथीने त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. खुल्या युगात, म्हणजे १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंनाही मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्यापासून, पुरुष दुहेरीचे ग्रँड स्लॅम (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) इतक्या वयात कोणीही जिंकले नव्हते. गुडघ्यांतील कूर्चा झिजल्यामुळे वेदनाशामक गोळ्यांवर सामने काढणाऱ्या या माणसाने अय्यंगार योगाची कास धरली आणि अनेकजण खेळ सोडून देतात त्या वयात तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अव्वल झाला.

प्रतिसाद १
चिकाटीबद्दल दुमत नाही, पण निष्कर्ष पटत नाही. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तो २१३ व्या स्थानाच्या वर कधी गेला नाही, तर भारताचेच जुने टेनिसपटू रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ असे सलग दोनदा विम्बल्डनच्या एकेरीत उपांत्य फेरीत पोहोचले होते. दुहेरीत मैदान वाटून घेता येते आणि एकेरीतील अव्वल खेळाडू तिकडे क्वचितच नियमाने उतरतात. मार्टिना नवरातिलोव्हाने २००६ मध्ये, पन्नाशीला टेकली असताना, यूएस ओपनची मिश्र दुहेरी जिंकली होती. दुहेरी वयाला सांभाळून घेते, हे त्यावरून दिसतेच.

धागालेखक
मैदान वाटून मिळते, पण विचार करायला वेळही तितकाच कमी मिळतो. सर्व्हिस परतवणाऱ्यासमोर एक प्रतिस्पर्धी नेटजवळ टपून बसलेला असतो आणि दुसरा सर्व्हिस करून पुढे धावत येत असतो. चेंडू पहिल्याच्या आवाक्याबाहेर आणि दुसऱ्याच्या पायाशी, नेटला जेमतेम चाटून, टाकावा लागतो. एरवी टूरवर, म्हणजे वर्षभराच्या व्यावसायिक स्पर्धांत, दुहेरीत ४०-४० नंतर एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत ही सवलत नाही, तिथे ड्यूस पूर्ण खेळावा लागतो, म्हणजे ४०-४० नंतर सलग दोन गुण घ्यावे लागतात. ऑस्ट्रेलियन ओपनच्या त्या अंतिम सामन्यात इटलीच्या बोलेल्ली आणि वावासोरी यांच्याविरुद्ध पहिल्या सेटचा टायब्रेकर (६-६ बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) बोपण्णा-एब्डन जोडीने ७-० असा घेतला. दुसरा सेट ७-५ होता.

प्रतिसाद २
मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्याने लिएंडर पेसबरोबर खेळण्यास नकार दिला आणि पेसला विष्णुवर्धनसोबत उतरावे लागले. देशाच्या संघात जोडीदार कोण असावा हे खेळाडूने ठरवणे मला आजही मान्य नाही.

धागालेखक
या बाबतीत मी त्याची बाजू घेणार नाही. तेव्हाही मला ते रुचले नव्हते. मात्र २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतील त्याचा खेळही विसरू नये. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गमावल्यावर आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेला सोबत घेऊन त्याने दुसरा सेट ६-३ आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळला जाणारा दहा गुणांचा टायब्रेकर १०-४ असा जिंकून सुवर्णपदक खेचून आणले.

प्रतिसाद १
ते सुवर्ण मलाही भावले. तरीही कृष्णन यांच्या शेजारी त्याला बसवायला माझे मन धजत नाही.