मधमाश्यांच्या पेट्यांना रान कुठलं द्यावं: ओढ्याकाठचं की माळाचं?

विट्याजवळ आमचं दीड एकर डाळिंब आहे. मांघरचं मधाचं गाव बघून आल्यापासून मनात होतंच, आता हस्त बहाराला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याला, एक मधपाळ दादा मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या ३० पेट्या आणून ठेवतो म्हणतात. जागा दोन. ओढ्याकाठी गार सावली, पाणी, पण बांधापलीकडे भावकीची द्राक्षबाग. दुसरी माळावर, बागेपासून अर्धा किलोमीटर. चार कडुलिंब, बोरी-बाभळी, पाणी नाही, वारं फार. सासूबाई ओढा म्हणतात. काय करावं?

जावळीहून
ताई, माळच द्या. मी बावीस वर्षं सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पाळतोय. एकदा खाली येऊन ओळखीच्यांच्या द्राक्षबागेलगत १२ पेट्या मांडल्या, ऑक्टोबर छाटणीनंतर. एका सकाळी दारापुढं माश्यांचा सडा. सोंडा बाहेर आलेल्या, काही जागच्या जागी गरगरत होत्या. ७ पेट्या गेल्या. बागायतदाराला बोल लावत नाही, तुडतुडे-फुलकिडे आले की त्याला फवारावंच लागतं. जागा मी निवडली होती.

पण माळावर नेलं म्हणजे सुटलो असंही नाही. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर सहज जाते. द्राक्ष माशीवाचूनही धरतं, पण माशी तिथं तणाच्या फुलांवर जाते आणि मुख्य म्हणजे ठिबकखालच्या ओलीवर पाण्याला जाते. म्हणून पाणी तुम्ही ठेवा. पसरट घमेलं, त्यात खडे आणि पोत्याचा तुकडा, म्हणजे माशी बुडत नाही. पेट्या उतरतील त्या दिवसापासून ते भरलेलं हवं. एकदा दुसऱ्या पाण्याची चटक लागली की मोडत नाही. आणि तुमच्या डाळिंबावर फुलं असताना कीटकनाशक नकोच. अगदीच भागत नसेल तर आदल्या दिवशी मधपाळाला फोन करून दिवेलागणीनंतर मारा.

जतहून
वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करा, दारं पूर्वेला. दुपारी कडुलिंबाची सावली पेटीवर येते का ते आधी उभं राहून बघा. मुंगळे चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीचे (स्टँडचे) पाय पाण्याच्या वाट्यांत. टेम्पो रात्रीच येणार, वाट आत्ताच नीट करून घ्या.

विट्याहून, प्रश्न विचारणारी
काका, तुमचं वाचून दाखवल्यावर सासूबाई स्वतःच माळ म्हणाल्या. भावकीतल्या भाऊजींना फवारणीचा दिवस आदल्या दिवशी कळवायला सांगितलंय, ते हो म्हणाले. ३० पेट्यांना घमेली किती लागतील?

जावळीहून
तीन ठेवा, वेगवेगळ्या झाडांखाली. रोज सकाळी ऊन चढायच्या आत भरायची.