विषय: गिटार आणतेय, पण अ‍ॅम्प आणू की मुंबईतच बघू?

सर्वांना नमस्कार,

डिसेंबरात तीन आठवडे मुंबईत आहे. तीन ठिकाणी वाजवायचं ठरलंय: आईच्या सोसायटीच्या गच्चीवर, दादरला साठेक माणसांच्या एका हॉलमध्ये आणि पार्ल्याला मावशीकडे घरगुती मैफल. भावगीतं, सोबत पेटी-तबला. माझ्या अकूस्टिक गिटारला घोडीवरच्या पट्टीखाली पिएझो पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा) आहे, आत बॅटरी वगैरे काही नाही. मागच्या खेपेला मुंबईतच साऊंडवाल्याने माझी केबल सरळ मिक्सरमध्ये खुपसली. पत्रा वाजवल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या गाण्यानंतर मी गिटार खाली ठेवली आणि घरी जाऊन रडले. या वेळी तसं होऊ द्यायचं नाहीये. इथला माझा ६० वॉटचा अ‍ॅम्प घेऊन येऊ का? की आणखी मोठा लागेल? मंडळातले जे परत मुंबईला गेलेत त्यांनी कृपया लिहावं.

– एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका)

---

नमस्कार,

दोष तुझा नव्हता, गिटारचा नव्हता आणि वॉटचा तर नव्हताच. पिएझोचा सिग्नल फार अशक्त असतो. पुढच्या यंत्राने त्याच्यावर भार टाकला की आधी खर्ज जातो आणि उरतो तो वरचा पत्रा. पिएझोला पुढे किमान १० लाख ओहमचा, म्हणजे १ मेगाओहमचा इनपुट लागतो; ओहम जितके जास्त, तितका भार कमी. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो साधारण १० हजारांच्या घरात असतो. मग साऊंडवाला बास चढवतो, डग्गा घुमायला लागतो आणि गिटार मात्र तशीच किरटी राहते.

म्हणून अ‍ॅम्पच्या आधी गिटारचा अशक्त सिग्नल सावरणारा एक छोटा अकूस्टिक प्रीअ‍ॅम्प घे. निदान चांगला अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) तरी. फक्त त्याचा इनपुट १ मेगाओहम किंवा जास्त आहे ना, ते कागदावर वाचून घे. साधा, विजेविना चालणारा पॅसिव्ह डीआय पिएझोला पुरत नाही. गिटारची केबल प्रीअ‍ॅम्पपर्यंत आखूड ठेव. तिथून पुढे एक्सएलआरने (माईकच्या तीन पिनांच्या केबलने) कितीही लांब जा.

आता वॉट. ३० चे ६० केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यामुळे तुझा ६० वॉटचा मुंबईत भरपूर झाला असता. प्रश्न विजेचा आहे. अ‍ॅम्पच्या पाठीवरची पाटी वाच. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पाटीवर नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर अ‍ॅम्प तिथेच राहू दे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरेल, हर्ट्झ बदलणार नाहीत. ६० साठीच बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. शिवाय ते लोखंडी धूड दादरचे जिने चढवायचं कुणी?

कुणी घरातला इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प देऊ केला तर नको म्हण. त्याच्या स्पीकरचा आवाज ५ हजार हर्ट्झच्या आसपास विझतो आणि आपल्या तारांची सगळी चमक त्याच्या वर असते.

गच्चीवर भिंती नाहीत, आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नकोस. स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेव आणि खुर्च्या अर्धवर्तुळात जवळ ओढ. तिथे मी बॅटरीवरचा अ‍ॅम्प पसंत करीन. रोलँडचा एसी-३३ आठ डबल-ए सेलवर चालतो, वजन ५ किलोच्या आत. चाळीस माणसांना मी त्यावर ऐकवलंय आणि तबलजीला हळू वाजवायला सांगावं लागलं नाही.

दादरच्या हॉलचं गणित उलटं. फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे गिटार घुमणार. बहुतेक मोठ्या गिटारींच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास थरथरते. जाड ई तारेचा तिसरा ते पाचवा पडदा, जी ते ए, तिथेच तर आहे. घुमायला लागलं की सगळा आवाज खाली आणू नकोस. प्रीअ‍ॅम्पच्या नॉचने, म्हणजे एकच पट्टा कापणाऱ्या बटणाने, तेवढीच जागा काप, सिग्नल उलटा करणारं फेजचं बटण उलटसुलट करून बघ, तरीही नाही थांबलं तर भोकाला रबरी झाकण लाव. खरा लाकडाचा आवाज कंडेन्सर माईकनेच येतो, बाराव्या पडद्यासमोर वीतभर अंतरावर. पण शेजारी तबला असताना तो माईक तबलाच जास्त पकडेल आणि शिट्टी मारेल. एकटीचं एखादं गाणं असेल तर जरूर मागून घे.

मावशीकडे काही लावू नकोस. खोलीत गिटार पुरते.

– पार्ल्याचा काका

---

काकांनी लिहिलंय त्यात एक भर. सोसायटीच्या कार्यक्रमांचं मी बघते. गच्चीवरचा बोर्ड बहुधा लिफ्टच्या खोलीतून ओढलेला असतो, अर्थिंगचा भरवसा नाही.  इलेक्ट्रिशियनला आधी बोलावून ते तपासून घे. तिसरी पिन कापून देणाऱ्याचं ऐकू नकोस. गिटारचा अ‍ॅम्प आणि गाण्याचा माईक एकाच बोर्डावरून घे. वेगळ्या बोर्डांवर होते तेव्हा आमच्या एका गायिकेला ओठाला झटका बसला होता, मी समोर उभी होते. आणि रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, म्हणून साडेसातला सुरू करा.

– गोरेगावहून काकू

---

काका, काकू,

पाटी पाहिली: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अ‍ॅम्प राहतो इथेच. प्रीअ‍ॅम्प आज मागवला, इनपुट १० मेगाओहम, चालतो ९ व्होल्टच्या बॅटरीवर. गच्चीची वेळ साडेसात केली. काका, पहिल्या शनिवारी धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये बॅटरीवरचे अ‍ॅम्प बघायला माझ्यासोबत याल?

---

येतो. तुझी गिटार आणि तुझा प्रीअ‍ॅम्प घेऊन ये, दुकानातली गिटार लावून बघू नकोस. आवाज सुरुवातीला बोलण्याइतकाच ठेवू. मी दहा पावलं मागे जाऊन ऐकतो, तू वाजव.