मदत हवी आहे : पुढे वाढवता येईल असा तयार गेमिंग पीसी, सत्तर हजारांच्या आत

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी दुकानातून जोडूनच मिळणारा गेमिंग पीसी घ्यायचा आहे. मागच्या खेपेला एका मोठ्या कंपनीचा तयार पीसी घेतला होता. दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलण्यासाठी बाजूचे झाकण उघडले, तेव्हा लक्षात आले की मदरबोर्डला जाणारा प्लग नेहमीच्या चोवीस पिनांऐवजी सहा पिनांचा आहे आणि कार्डासाठी वेगळी वायरच दिलेली नाही. त्यामुळे बाजारात मिळणारा पॉवर सप्लाय त्यात सरळ बसेना. ती चूक पुन्हा होऊ नये, ही मनापासून इच्छा आहे.

सध्या दोन पर्याय समोर आहेत. पहिल्यात एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा; एएम४ ही एएमडीची जुनी पिढी) मदरबोर्ड, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे. दुसरा २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटचा, रायझन ५ ७६०० असलेला आहे. त्यात पुढे नवा प्रोसेसर बसवता येईल, पण त्याच पैशांत ग्राफिक्स कार्ड हलके मिळते. शिवाय पहिल्यातली डीडीआर४ रॅम पुढे एएम५ बोर्डावर चालणार नाही, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

भाऊ १०८० पिक्सेलवरच (फुल एचडी) खेळतो. अशा वेळी आज हलके कार्ड स्वीकारून एएम५ घेणे योग्य ठरेल का? दोन वर्षांनी मोठे कार्ड लावायचे झाल्यास ५५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरेल, की आत्ताच ६५० वॉटचा मागावा? पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड यांचे नेमके मॉडेल बिलावर लिहून घेणार आहे. त्याखेरीज दुकानदाराला काय विचारावे, आणि स्वतः रॅम वाढवल्यास वॉरंटी टिकते का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.