ट्रॅक सगळीकडे सारखा तापत नाही

बरेच जण म्हणतात की सर्किट बोर्डवरच्या ट्रॅकची (करंट वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीची) रुंदी सारखी असेल तर तिचं तापमानही सगळीकडे सारखंच. तसं नसतं हो, टोकाचे पॅड (सोल्डरिंगसाठीच्या तांब्याच्या जागा) आणि जाड वायर उष्णता ओढून घेतात त्यामुळे लांब ट्रॅक मध्यावर जास्त तापतो, त्यात तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो म्हणजे गरम जागा अजून गरम (कनेक्टरच ढिला असेल तर टोक आधी तापणार, ती गोष्ट वेगळी). उलट दोन पिनांमधून काढलेला २-३ मिमीचा अरुंद तुकडा दिसतो तेवढा वाईट नसतो, शेजारचं रुंद तांबं सांभाळून घेतं. आणि थर्मल कॅमेरा उघड्या चकचकीत तांब्यावर धरू नका, आकडा कमी दाखवतो, मी फसलोय, आता आधी त्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी पिवळसर टेप) लावतो आणि मग मोजतो.