बारशासाठी विणायचंय, लोकर घेऊ की सुती दोरा?

रानजाई:
नणंदेला एप्रिलअखेरची तारीख दिली आहे. बाळंतपण अकोल्याला, सासरी. बारशाला टोपडं, पायमोजे आणि एक दुपटं स्वतः विणून द्यायचं मनात आहे. सुया आणि क्रोशा दोन्ही येतं. दुकानदाराने 'बेबी वूल' म्हणून मऊमऊ गुंडे पुढे केले, लेबल वाचलं तर 100 टक्के अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा! नक्की काय घेऊ?

स्वातीनक्षत्र:
अगं, अकोल्याच्या मे महिन्यात लोकर? पारा 44-45 ला जातो तिथे. डोळे मिटून सुती घे. अ‍ॅक्रिलिक घाम टिपत नाही, मानेच्या वळ्यांत घामोळं ठरलेलं. आणि 'मिल्क कॉटन' नावावर जाऊ नकोस, त्यात बऱ्याचदा सुताबरोबर अ‍ॅक्रिलिकही असतं. मागची बारीक अक्षरं वाच.

दोन सुलट दोन उलट:
अ‍ॅक्रिलिकला इतकं झोडपू नका हो. धुणं कोण करणार हेही बघावं लागतं. साधी लोकर गरम पाण्यात गेली की आटून तिचा नमदा होतो. अ‍ॅक्रिलिक मशीनमध्ये टाका, काही होत नाही. फक्त इस्त्री लावायची नाही, धागा वितळून कपडा लुळा पडतो. हिवाळ्यातलं बाळ असतं तर मीही तेच सुचवलं असतं.

पण अकोल्याला सुतीच. सुताला ताण नसतो, टोपड्याची कड पुढे सैल पडते, म्हणून लेबलवर दिलेल्यापेक्षा अर्धा मिमी बारीक सुई घे. दुपटं क्रोशानेच कर. सुयांवरचं सुती दुपटं ओलं झालं की जड होऊन लोंबतं. टाके भरीव ठेव, जाळी कितीही देखणी दिसली तरी त्यात बाळाची बोटं अडकतात. पायमोजे दोन रंगांत विणणार असशील तर आतून लांब धागे सोडू नकोस. बोटाला दोरा गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि मूल रडतंय कशाने तेच कळत नाही. मोहेर वगैरे केसाळ प्रकार तर मुळीच नको, तंतू तोंडात जातात.

कापूसकोंड्या:
आमच्याकडे विणणारी बायको, लोकर आणणारा मी. त्यामुळे दुकानातलं सांगतो. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले घ्या, नंबर लेबलवर असतो. नाहीतर अर्ध्या दुपट्यावर रंगाची रेघ उमटते. दोरा हाताला सगळाच मऊ लागतो, गळ्याशी घासून बघा. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळायचा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

रानजाई:
सुती पक्कं! सासूबाईंना टोपड्याला बंद हवेत, वर गोंडाही.

दोन सुलट दोन उलट:
बंद आखूड ठेव, फोटोपुरते बांधा आणि निजवताना टोपडंच काढा. गोंडा बाळ ओढून तोंडात घालणार. सासूबाईंना म्हणावं, गोंडा मोठेपणीच्या स्वेटरला लावू.

रानजाई:
मोठेपणीचा स्वेटरही मीच विणायचा वाटतं! बरं, दुपट्याला दोरा किती लागेल? 75 सेमीचं चौकोनी करतेय.

स्वातीनक्षत्र:
मध्यम जाडीचा घेतलास तर 400 ग्रॅम धर. वर एक गुंडा जास्तीचा घे, नंतर तो लॉट मिळत नाही. उरला तर पायमोजे त्यातच होतील.